लॅपटॉप नसला तरी: विद्यापीठाचं नेटवर्क तुम्हाला ओळखतं कसं आणि देतं काय

फीच्या पावतीवर ग्रंथालय, संगणक, इंटरनेट अशा नावांखाली दरवर्षी पैसे घेतलेले असतात. त्या पैशांत नेमकं काय मिळतं, हे पुष्कळ विद्यार्थ्यांना पदवी हातात पडेपर्यंत कळत नाही. सगळ्यात जास्त नुकसान होतं ते घरी कम्प्युटर नसलेल्या मुलामुलींचं. त्यांना लागणाऱ्या बऱ्याचशा गोष्टी आवारात असतात, पण त्या मागायच्या कोणाकडे आणि चालू कशा करायच्या, हे कोणी नीट सांगत नाही.

एक गोष्ट आधी समजून घेतली की पुढचं सोपं होतं. आवारातली प्रत्येक सोय तुम्ही कोण आहात हे तपासते, मात्र तपासण्याची पद्धत दर सोयीची वेगळी असते. वायफाय बऱ्याचदा तुमचं उपकरण ओळखतं. संशोधनपत्रिका तुम्ही कुठे बसला आहात ते पाहतात. सॉफ्टवेअर कंपन्या तुमचा संस्थेचा ईमेल पाहतात. ‘चालत नाही’ म्हणून संगणक केंद्रात येणाऱ्या तक्रारींत या तीन ओळखींची गल्लत वारंवार दिसते. म्हणून काही अडलं की पहिला प्रश्न हाच विचारा: इथे माझी कुठली ओळख तपासली जाते आहे?

संस्थेचा ईमेल: पहिल्या आठवड्यातलं काम

‘एसी डॉट इन’ किंवा ‘ईडीयू डॉट इन’ने संपणारा पत्ता विद्यापीठाच्या विभागांत शिकणाऱ्यांना सहसा मिळतो. तो देणारा विभाग कुठे संगणक केंद्र म्हणून ओळखला जातो, कुठे आयसीटी सेल म्हणून. जाताना ओळखपत्र, पीआरएन क्रमांक आणि प्रवेशाची पावती सोबत न्या. संलग्न महाविद्यालयांत विद्यार्थ्यांना असा पत्ता अनेकदा दिलाच जात नाही. तिथे प्राचार्यांकडे वर्गातर्फे लेखी मागणी करणं योग्य, कारण गूगल आणि मायक्रोसॉफ्ट या दोन्ही कंपन्यांची शिक्षणसंस्थांसाठीची मूलभूत सेवा विनामूल्य आहे. महाविद्यालयाला स्वतःचं डोमेन लागतं, मान्यतेचा पुरावा द्यावा लागतो आणि खाती सांभाळायला एक माणूस नेमावा लागतो.

या खात्यात जागा अमर्याद असते, हा समज जुना आहे. गूगलने २०२२पासून संपूर्ण संस्थेला मिळून १०० टीबी अशी मूळ मर्यादा लावली. त्यामुळे प्रत्येक विद्यार्थ्याला किती जागा द्यायची ते संस्था ठरवते. व्याख्यानांची रेकॉर्डिंग आणि लग्नाचे व्हिडिओ तिथे साठवू नका.

पासवर्ड मिळाल्याच्या दिवशीच बदला, दोन टप्प्यांची पडताळणी चालू करा आणि बॅकअप कोड वहीत लिहून ठेवा. हे खातं हातचं जाण्याचं नेहमीचं कारण म्हणजे बदललेलं सिमकार्ड: सुट्टीत नवा नंबर घेतला जातो, जुना बंद पडतो आणि ओटीपी त्या बंद नंबरवर जात राहतो.

डिजिलॉकर, श्रेयांकांची अकॅडमिक बँक आणि १२ अंकी अपार क्रमांक (विद्यार्थ्याची कायमची शैक्षणिक ओळख) या गोष्टी मात्र वैयक्तिक मोबाइल आणि वैयक्तिक ईमेलवरच ठेवा. संस्थेचं खातं तुम्ही बाहेर पडल्यावर बंद होणार आहे, ही कागदपत्रं जन्मभर लागणार आहेत.

वायफाय: तक्रारी सगळ्यात जास्त इथेच

काही आवारांत वायफायसाठी फॉर्म भरून उपकरणाचा मॅक पत्ता नोंदवावा लागतो. हा प्रत्येक नेटवर्क कार्डाचा १२ चिन्हांचा क्रमांक. विद्यार्थी फोनच्या ‘अबाउट फोन’मध्ये दिसणारा पत्ता लिहून देतो, नोंद होते, तरीही जोडणी मिळत नाही. कारण अँड्रॉइड १० आणि आयओएस १४पासून फोन खासगीपणासाठी प्रत्येक नेटवर्कला खोटा, आपणच तयार केलेला मॅक पत्ता दाखवू लागले. कागदावर एक क्रमांक असतो आणि नेटवर्कला दुसराच दिसतो.

तो ओळखायची खूण सोपी आहे. मॅक पत्त्यातलं दुसरं चिन्ह २, ६, ए किंवा ई असेल तर तो फोनने बनवलेला आहे. अँड्रॉइडमध्ये त्या वायफायच्या नावावर जाऊन ‘प्रायव्हसी’खाली ‘यूज डिव्हाइस मॅक’ निवडा. आयफोनमध्ये त्याच नेटवर्कसाठी ‘प्रायव्हेट वायफाय ॲड्रेस’ बंद करा. हा बदल फक्त आवारातल्या नेटवर्कपुरता ठेवा. बसस्थानकावर किंवा हॉटेलात खोटा पत्ताच तुमच्या हिताचा आहे.

दुसरी पद्धत लॉगिन पानाची. वायफाय जोडलं की एक पान उघडतं, तिथे नाव आणि पासवर्ड टाकायचा. हे पान न उघडण्याची कारणं ठरलेली आहेत. आजच्या बहुतेक संकेतस्थळांची जोडणी सुरक्षित असते आणि तिच्या मध्ये शिरून नेटवर्कला आपलं पान दाखवता येत नाही. अशा वेळी ब्राउझरमध्ये ‘नेव्हरएसएसएल डॉट कॉम’ हे साधं, असुरक्षित पान मुद्दाम उघडा, म्हणजे लॉगिनचं पान समोर येतं. तरीही आलं नाही तर फोनची ‘प्रायव्हेट डीएनएस’ सेटिंग पाहा. जाहिराती अडवण्यासाठी तिथे एखाद्या सेवेचं नाव टाकलेलं असेल तर लॉगिन पान अडकतं. ती ‘ऑटोमॅटिक’वर आणा. व्हीपीएन (तुमची जोडणी दुसऱ्याच सर्व्हरमार्फत फिरवणारी सेवा) चालू असेल तर तेही बंद करा. फोनची तारीख आणि वेळ चुकीची असली तरी सुरक्षित पानं उघडत नाहीत.

लॅपटॉपवर जोडणी दिसते पण काहीच उघडत नाही, अशा वेळी आयपी पत्ता, म्हणजे नेटवर्कने लॅपटॉपला दिलेला आकडी पत्ता, बघा. तो १६९.२५४ने सुरू होत असेल तर नेटवर्ककडून पत्ता मिळालेलाच नाही, लॅपटॉपने स्वतःच काहीतरी ठरवून घेतलं आहे. वायफाय बंद करून पुन्हा सुरू केल्याने भागलं तर ठीक. नाही भागलं तर पत्ते संपलेले असू शकतात. दुपारच्या गर्दीत वाचनकक्षात हे होतं आणि त्यावर उपाय फक्त संगणक केंद्राकडे असतो. तक्रार करताना ‘नेट चालत नाही’ एवढंच न सांगता जागा, वेळ, उपकरण आणि दिसलेला आयपी पत्ता लिहून द्या. या चार गोष्टी असल्या की दोष शोधण्याचं काम कितीतरी लवकर होतं.

वसतिगृहात दोन नावांची वायफाय दिसत असतील तर फरक लक्षात ठेवा. २.४ गिगाहर्ट्झची लहर भिंतींतून जास्त आत जाते, पण तिच्यात एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच आहेत: १, ६ आणि ११. ५ गिगाहर्ट्झचा वेग जास्त, पल्ला कमी. खोलीत सिग्नल येत असेल तर ५च निवडा. वाचनकक्षात स्वतःच्या फोनचा हॉटस्पॉट चालू ठेवू नका. २.४वर चालणारा प्रत्येक हॉटस्पॉट त्याच तीन चॅनेलांत शिरतो आणि सगळ्यांचाच वेग खाली येतो.

तुमची संस्था एज्युरोममध्ये असेल तर ती सोय जरूर लावून घ्या. नेदरलँड्समधून सुरू झालेली ही व्यवस्था भारतात अर्नेट इंडिया ही शिक्षण-संशोधन संस्थांना नेटवर्क पुरवणारी सरकारी संस्था चालवते. आपल्या संस्थेचं नाव-पासवर्ड वापरून दुसऱ्या विद्यापीठात, परदेशातसुद्धा, वायफाय मिळतं. इथे एक चूक हमखास होते. आपल्या आवारात नुसतं वापरकर्त्याचं नाव टाकून जोडणी मिळते, म्हणून तसंच ठेवलं जातं आणि परगावी ते चालत नाही. दुसऱ्या विद्यापीठाचा सर्व्हर ‘ॲट’ या चिन्हानंतरचा भाग वाचून तुमच्या मूळ संस्थेला विचारणा करतो. तो भागच नसेल तर विचारायचं कोणाला? म्हणून पूर्ण पत्ता टाका आणि प्रवासाला निघण्याआधी घरच्याच आवारात चाचणी घ्या. जोडणीच्या सेटिंगमधला सर्व्हरचं प्रमाणपत्र (सर्टिफिकेट) तपासण्याचा पर्याय बंद करू नका. तो बंद असला की त्याच नावाचं बनावट वायफाय उभारून तुमचा पासवर्ड चोरता येतो.

संशोधनपत्रिका: जागेवरून ओळख

आवारातल्या हजारो उपकरणांना आत वेगवेगळे पत्ते असतात, पण बाहेरच्या जगाला सगळं विद्यापीठ मोजक्या सार्वजनिक आयपी पत्त्यांनी दिसतं. मोठ्या वाड्यात पन्नास बिऱ्हाडं असली तरी पत्रावर वाड्याचं नाव एकच असतं, तसं. प्रकाशकाकडे या पत्त्यांची यादी असते. त्या यादीतून विनंती आली की लेख उघडतो, विद्यार्थ्याचं नाव कोणी विचारत नाही. म्हणूनच आवारात बसून मोबाइल डेटावर उघडलेला लेख पैसे मागतो आणि तोच लेख वायफायवर फुकट उघडतो. आयफोनचं प्रायव्हेट रिले किंवा ब्राउझरमधलं व्हीपीएन चालू असेल तरीही असंच होतं, कारण प्रकाशकाला तुम्ही भलतीकडेच बसलेले दिसता. खात्री करायची असेल तर प्रकाशकाच्या पानावर तुमच्या संस्थेचं नाव आलं आहे का ते शोधा.

या बाबतीत अलीकडे फार मोठा बदल झाला आहे आणि तो प्रत्येक विद्यार्थ्याला माहीत असायलाच हवा. केंद्रीय मंत्रिमंडळाने २५ नोव्हेंबर २०२४ रोजी ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजना मंजूर केली. २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, सुमारे १३,००० पत्रिका. केंद्र आणि राज्य सरकारांच्या ६,३००हून अधिक उच्चशिक्षण व संशोधन संस्था तिच्या कक्षेत येतात. विद्यापीठांची ग्रंथालयं जोडणारं गांधीनगरचं इन्फ्लिबनेट केंद्र तिचं काम पाहतं. याचा अर्थ, जे लेख पूर्वी मोजक्या श्रीमंत संस्थांत वाचायला मिळत, ते आता जिल्ह्याच्या ठिकाणच्या सरकारी महाविद्यालयातही उघडायला हवेत. उघडत नसतील तर संस्थेची नोंदणी झाली आहे का आणि आयपी पत्ते कळवले आहेत का, हे ग्रंथपालांना विचारा. नेट दुसऱ्या कंपनीकडून घेतलं की सार्वजनिक पत्ते बदलतात आणि ते प्रकाशकांना कळवायचं राहून जातं. सगळ्या पत्रिका एकाच दिवशी बंद पडल्या तर आधी हे तपासावं.

खासगी विनाअनुदानित महाविद्यालयं या योजनेत नाहीत. अनुदानित महाविद्यालयांच्या ग्रंथपालांकडे इन्फ्लिबनेटच्याच एन-लिस्टची (महाविद्यालयांसाठीच्या ई-पुस्तकं व ई-पत्रिकांच्या योजनेची) सोय आहे का, हेही विचारून पाहा. त्यात प्रत्येक विद्यार्थ्याला वेगळं लॉगिन काढून मिळतं आणि ते घरूनही चालतं.

घरून वाचायचं तर जागेची ओळख चालत नाही, नावाची लागते. लेखाच्या पानावर ‘ॲक्सेस थ्रू युवर इन्स्टिट्यूशन’ दिसतं. तिथे संस्थेचं नाव शोधा, किंवा ‘शिबोलेथ’ निवडून गटांच्या यादीत इनफेड (इन्फ्लिबनेट चालवतं तो भारतीय संस्थांचा गट) आणि मग आपली संस्था निवडा. पुढे जे नाव-पासवर्ड मागितलं जातं ते ईमेलचंच असेल असं नाही. बऱ्याच ठिकाणी ग्रंथालय ते स्वतंत्र काढून देतं आणि त्यासाठी एक अर्ज भरावा लागतो. हा अर्ज दिवाळीच्या सुट्टीआधी भरा, सुट्टीत नाही.

एक इशारा मनापासून. एखादा प्रोग्रॅम लावून शेकडो पीडीएफ एका रात्रीत उतरवू नका. प्रकाशकाची यंत्रणा हा प्रकार ओळखते आणि ज्या आयपी पत्त्यावरून तो झाला तो बंद करते. पत्ता सगळ्या आवाराचा असल्यामुळे एका माणसाच्या घाईची शिक्षा प्रबंध जवळ आलेल्या सगळ्यांना होते.

पीएचडीचे प्रबंध शोधगंगेवर कोणालाही खुले आहेत, मराठीतलेही. तिथे लॉगिन लागत नाही. आयआयटी खरगपूरने उभारलेली नॅशनल डिजिटल लायब्ररीही सर्वांना खुली आहे.

लॅबमधला कम्प्युटर

अनेक लॅबमध्ये असं सॉफ्टवेअर असतं की कम्प्युटर बंद करून चालू केला की तो मूळ स्थितीत येतो. व्हायरस, भलतेसलते प्रोग्रॅम, कोणाचेही पासवर्ड, सगळं पुसलं जातं. त्यासोबत डेस्कटॉपवर ठेवलेला तुमचा प्रकल्पही जातो आणि तो परत मिळत नाही. वीज गेली तरी हेच घडतं. म्हणून फाइल पहिल्या ओळीपासून संस्थेच्या ड्राइव्हमध्ये उघडून तिथेच लिहा, किंवा लॅबच्या परिचरांना विचारून न पुसल्या जाणाऱ्या ड्राइव्हवर ठेवा.

पेनड्राइव्ह लावल्यावर सगळ्या फोल्डरांचे शॉर्टकट दिसले तर घाबरून फॉरमॅट करू नका. बहुधा मूळ फाइली तिथेच असतात, व्हायरसने त्या फक्त लपवलेल्या असतात. शॉर्टकटवर क्लिक केलं की मात्र तो त्या कम्प्युटरवरही पसरतो. अँटिव्हायरसने तपासा, फाइल एक्सप्लोररमध्ये लपवलेल्या फाइली दाखवण्याचा पर्याय चालू करा, आपल्या फाइली काढून घ्या आणि मगच फॉरमॅट करा. फॉरमॅट करताना ‘एक्सफॅट’ निवडा. ‘फॅट३२’वर ४ जीबीची एक फाइल बसत नाही, ड्राइव्ह कितीही रिकामा असला तरी.

उठताना फक्त ब्राउझर बंद करणं पुरेसं नाही, प्रत्येक खात्यातून लॉगआउट करा. व्हॉट्सॲप वेब उघडलं असेल तर फोनवर ‘लिंक्ड डिव्हाइसेस’मध्ये जाऊन ते यंत्र काढून टाका. विसरून घरी आलात तरी हे फोनवरून करता येतं.

मराठीत लिहिणाऱ्यांसाठी

श्रीलिपी, कृतिदेव यांसारख्या जुन्या फॉन्टांत अक्षरं मराठी दिसतात, पण फाइलमध्ये साठतात इंग्रजी चिन्हं. तो फॉन्ट नसलेल्या यंत्रावर सगळं अगम्य होतं. शोध चालत नाही, साहित्यचौर्य तपासणारं सॉफ्टवेअर मजकूर वाचू शकत नाही आणि दृष्टिहीन वाचकाच्या यंत्रालाही तो कळत नाही. प्रबंध, प्रकल्प, निबंध सगळं युनिकोडमध्येच, म्हणजे कुठल्याही यंत्रावर मराठी म्हणूनच ओळखल्या जाणाऱ्या अक्षरांत, लिहा. विंडोजमध्ये भाषांच्या यादीत मराठी जोडा आणि विंडोज-स्पेस या कळांनी कळफलक बदला. इन्स्क्रिप्ट हा मूळ पर्याय आहे. उच्चारानुसार टाइप करायचं असेल तर २०१९पासून विंडोजमध्येच मराठी फोनेटिकही मिळतं.

इन्स्क्रिप्टवर ‘दऱ्या’ लिहिताना अडणारे पुष्कळ असतात. द नंतर शिफ्ट धरून ‘जे’, मग ‘डी’, मग तिरक्या रेघेची कळ, मग काना. साध्या ‘जे’ने लिहिलंत तर दर्या होतो. जुन्या फॉन्टांतला मजकूर परिवर्तकाने (कन्व्हर्टरने) युनिकोडमध्ये बदलला असेल तर हेच ऱ्य, रफार आणि ऱ्हस्व इकार डोळ्यांनी तपासा, चुका तिथेच राहतात.

झेरॉक्सच्या दुकानात नेहमी पीडीएफ न्या. त्यात फॉन्ट आतच बसवलेला असतो. वर्डची फाइल नेली आणि दुकानातल्या यंत्रावर तो फॉन्ट नसला तर चौकोन छापले जातात किंवा पानं सरकून अनुक्रमणिका चुकते.

सॉफ्टवेअर, थोडक्यात

संस्थेच्या ईमेलवर गिटहबचा (प्रोग्रॅम साठवण्याच्या संकेतस्थळाचा) विद्यार्थी संच, जेटब्रेन्सची प्रोग्रॅम लिहिण्याची साधनं आणि ऑटोडेस्कची ऑटोकॅडसारखी सॉफ्टवेअर्स विनामूल्य मिळतात. शेवटच्या दोन्हींचा परवाना एक वर्षाचा असतो, दरवर्षी नूतनीकरण करावं लागतं. पडताळणीत अर्ज फेटाळला जाण्याचं एक कारण नावातला फरक हे असतं. खात्यावरचं नाव ओळखपत्राशी अक्षरशः जुळू द्या. ओळखपत्र फक्त मराठीत असेल तर इंग्रजीतलं बोनाफाइड जोडा. मॅटलॅब या गणिती सॉफ्टवेअरचा परवाना तुमच्या विद्यापीठाने घेतला आहे का ते विभागात विचारा. नसेल तर तशाच कामाची ऑक्टेव्ह आणि सायलॅब मोफत आहेत. पायरेटेड प्रती टाळा, कारण त्यांच्यासोबत येणारा मालवेअर तुमच्याच प्रकल्पाच्या फाइली कुलूपबंद करतो.

जड गणनेसाठी महाग यंत्र हवंच असं नाही. गूगल कोलॅबवर, म्हणजे ब्राउझरमधून गूगलच्या यंत्रावर प्रोग्रॅम चालवण्याच्या सेवेवर, लॅबच्या साध्या कम्प्युटरवरूनही जीपीयू (जड गणना वेगाने करणारी चिप) मिळतो, उपलब्ध असेल तेव्हा. एक सत्र जास्तीत जास्त १२ तास चालतं आणि नुसतं उघडं ठेवलं तर त्याआधीच तुटतं. म्हणून दर थोड्या वेळाने निकाल ड्राइव्हमध्ये साठवण्याची ओळ प्रोग्रॅममध्येच घाला.

शिकवायला कोणी नसेल तर आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात लिब्रेऑफिस, पायथन, लिनक्स वगैरेंचे साधारण १० मिनिटांचे धडे आहेत, त्यातले पुष्कळ मराठीत. अर्ध्या पडद्यावर धडा, अर्ध्यावर आपलं सॉफ्टवेअर असं ठेवून सोबत करत जायचं.

जुना लॅपटॉप घेणार असाल तर इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा पुढचा प्रोसेसर, ८ जीबी रॅम आणि एसएसडी पाहा. विंडोज १०चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला आणि आठव्या पिढीहून जुन्या प्रोसेसरवर विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही. तशा यंत्रावर उबुंटू (विंडोजऐवजी चालणारी मोफत लिनक्स प्रणाली) टाकून अभ्यास व्यवस्थित होतो.

दृष्टिहीन विद्यार्थ्यांसाठी

एनव्हीडीए हे पडदावाचक सॉफ्टवेअर मोफत आहे आणि त्यासोबत येणाऱ्या ई-स्पीकमध्ये मराठी आवाज आहे. ते लॅबच्या निदान काही यंत्रांवर कायमचं बसवून घेण्यासाठी विभागप्रमुखांना पत्र द्या. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ या मागणीच्या पाठीशी आहे. मोठी अडचण असते ती नोट्सची. पुस्तकाच्या पानांचे फोटो काढून बनवलेली पीडीएफ पडदावाचकाला वाचता येत नाही, त्याच्यासाठी ते नुसतं चित्र असतं. अशी फाइल गूगल ड्राइव्हवर चढवून ‘ओपन विथ गूगल डॉक्स’ केलं की मराठी मजकूर बऱ्यापैकी सुटा होतो. प्राध्यापकांनी आपल्या नोट्स वाटतानाच मूळ युनिकोड फाइल दिली तर हा सगळा खटाटोपच उरत नाही.

शेवटच्या सत्रात

निकालानंतर संस्थेचं खातं कधी बंद होणार ते आधी लेखी विचारा, प्रत्येक ठिकाणची मुदत वेगळी असते. परीक्षेच्या महिनाभर आधीच गूगल टेकआउटने सगळा मजकूर वैयक्तिक खात्यात किंवा पेनड्राइव्हवर उतरवून घ्या. संस्थेने परवानगी दिली असेल तर थेट दुसऱ्या खात्यात हलवण्याची सोयही मिळते. मात्र इतरांनी तुमच्याशी शेअर केलेल्या फाइली त्यात येतीलच असं धरून चालू नका. त्यांची प्रत स्वतः काढा. मग गिटहब, झोटेरो (संदर्भ सांभाळणारं), ओव्हरलीफ (प्रबंध लिहिण्याचं), नोकरीची संकेतस्थळं, जिथे जिथे संस्थेच्या ईमेलने नोंदणी केली होती तिथे वैयक्तिक पत्ता जोडा. एखादं संकेतस्थळ पत्ता बदलताना जुन्या पत्त्यावर पुष्टीचा ईमेल पाठवतं, म्हणून हे काम जुना पत्ता चालू असेपर्यंतच उरकायला हवं.